चार पेनल्टींपलीकडचे स्टेआवा : 1985-86च्या हंगामाच्या चित्रफितींचे परीक्षण

रोमानियाच्या स्टेआवा बुखारेस्ट या क्लबने 1985-86च्या हंगामात देशातील विजेतेपद राखले आणि त्याच हंगामात, 7 मे 1986 रोजी, सेव्हिल येथे बार्सिलोनाला हरवून युरोपियन चषकही जिंकला. आजच्या चॅम्पियन्स लीगची पूर्वसुरी असलेली ही स्पर्धा पूर्व युरोपातील एखाद्या क्लबने जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या हंगामातील महत्त्वाच्या युरोपियन सामन्यांच्या चित्रफिती आज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. काही पूर्ण सामन्याच्या आहेत, तर काही केवळ गोलांच्या आणि ठळक क्षणांच्या आहेत. प्रस्तुत परीक्षण या चित्रफितींचे आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका परक्या देशातील संघासाठी मराठी प्रेक्षकाने आपला वेळ द्यावा का, आणि द्यायचा झाल्यास कोणता सामना आधी पाहावा, हा प्रश्न मी समोर ठेवला आहे.

वेळ अवश्य द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या चित्रफितीपासून बहुतेक जण सुरुवात करतात आणि जिच्यापाशीच थांबतात, तिच्यापासून सुरुवात करू नये. ती चित्रफीत म्हणजे सेव्हिलच्या अंतिम सामन्यातील पेनल्टी शूटआउट, म्हणजे सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी दोन्ही संघांनी आळीपाळीने मारलेल्या पेनल्टी. काही मिनिटांचा हा तुकडा सर्वाधिक पाहिला गेला आहे, आणि त्यात गोलरक्षक हेल्मुट डुकादाम बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवतो. हा पराक्रम अपूर्व आहे यात शंका नाही. परंतु तेवढेच पाहिलेल्या प्रेक्षकाची अशी समजूत होते की, स्टेआवा हा कसाबसा बचाव करत तग धरून राहिलेला आणि शेवटी एका गोलरक्षकाच्या बळावर तरलेला संघ होता. ही समजूत चुकीची आहे, आणि हंगामातील उरलेले सामनेच तिला उत्तर देतात.

आकडेच पाहावेत. अंतिम सामना धरून स्टेआवाने त्या स्पर्धेत नऊ सामने खेळले आणि 13 गोल केले. त्यांपैकी 11 गोल बुखारेस्टमधील चार सामन्यांत झाले. अंतिम सामना सोडून प्रत्येक फेरीत एक घरी आणि एक परक्या मैदानावर असे दोन सामने होत, आणि दोन्हींतील गोलांच्या बेरजेवर निकाल लागे. पहिल्या फेरीत डेन्मार्कच्या वायले संघाशी परक्या मैदानावर 1-1 अशी बरोबरी झाली, आणि घरी 4-1 असा विजय मिळाला. दुसऱ्या फेरीत बुडापेस्टमध्ये होनवेदकडून 0-1 अशी हार पत्करावी लागली. परतीच्या सामन्यात पुन्हा 4-1. उपांत्य फेरीत ब्रुसेल्सला अँडरलेख्टकडून 0-1 असा पराभव झाला, आणि बुखारेस्टला 3-0 असा विजय मिळाला. घराबाहेर सावध खेळायचे, फार नुकसान होऊ द्यायचे नाही आणि मग आपल्या मैदानावर प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायलाही उसंत द्यायची नाही, असा हा नित्यक्रम होता. गोलशून्य अंतिम सामन्यासाठी लक्षात राहिलेला हा संघ मुळात गोल करणारा संघ होता.

म्हणून माझी पहिली शिफारस 16 एप्रिल 1986 रोजी गेन्चा भागातील स्टेआवाच्या मैदानावर झालेल्या अँडरलेख्टविरुद्धच्या परतीच्या सामन्याची आहे. बेल्जियमचा हा संघ त्या काळी युरोपातील अव्वल संघांपैकी एक होता. त्याने आधीच्या फेरीत बायर्न म्युनिकला बाहेर काढले होते, आणि एन्झो शिफो, फ्रान्की व्हर्कोटेरन यांच्यासारखे खेळाडू त्याच्या मधल्या फळीत होते. एका गोलाच्या पिछाडीवरून स्टेआवाला सामना फिरवायचा होता. विक्टर पित्सुर्काने चौथ्याच मिनिटाला गोल करून एकूण गोलांत बरोबरी साधली, गावरिल बालिंटने 23व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली, आणि उत्तरार्धात, 71व्या मिनिटाला, पित्सुर्कानेच तिसरा गोल केला.

हे गोल तेवढे पाहून पुढे जाऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गोलांच्या अधल्यामधल्या वेळात जे घडते, तेच या सामन्याचे खरे वैभव आहे. चेंडू बचावफळीतून थेट पुढे भिरकावला जात नाही. मिओद्राग बेलोदेदिच हा ‘लिबेरो’, म्हणजे बचावफळीच्या मागे मोकळा राहणारा खेळाडू, मान वर ठेवून स्वतः चेंडू घेऊन पुढे येतो आणि प्रतिस्पर्ध्याची पहिली फळी निव्वळ चालीच्या डौलाने ओलांडतो. उजव्या बाजूने श्तेफान योवान हा बचावपटू कडेने धावत वर जातो. मधल्या फळीत लास्लो ब्योलोनी खेळाचा वेग ठरवतो, कधी आवरतो, कधी एकाच पासने मोकळा सोडतो. या सगळ्यांच्या पुढे मारिउस लाकातुश कोणत्याही क्षणी दिशा बदलून बचावपटूला चकवतो. छोटे, जमिनीवरून जाणारे पास, पास दिल्याबरोबर नव्या जागेकडे धाव, आणि गोलपट्टीजवळ पोहोचल्यावर वेगात अचानक होणारी वाढ, ही या संघाची पद्धत होती. आज ज्या खेळाला आपण आधुनिक म्हणतो, त्यातील बरेच काही इथे आधीच पाहायला मिळते, आणि तेही सैन्याचा क्लब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाकडून.

एमेरिक येनेई हे या संघाचे प्रशिक्षक होते. ते स्वतः याच क्लबचे माजी खेळाडू. आवाज चढवून नव्हे, तर समजुतीने संघ चालवणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि चित्रफितीत कॅमेरा राखीव खेळाडूंच्या बाकाकडे वळतो तेव्हा ती ख्याती पटते. संघातील माणसांची पार्श्वभूमीही लक्षात घेण्याजोगी आहे. येनेई आणि ब्योलोनी हे रोमानियातील हंगेरियन समाजाचे, डुकादाम जर्मन भाषकांपैकी, तर बेलोदेदिच सर्ब अल्पसंख्याकांपैकी. ब्योलोनी तर दंतवैद्यकाचे शिक्षण पूर्ण केलेला खेळाडू. परदेशातून एकही खेळाडू न आणता, देशातील निरनिराळ्या भाषिक गटांमधून आलेल्या माणसांनी हा संघ बनला होता. बेलोदेदिच पुढे देश सोडून युगोस्लाव्हियात गेला आणि 1991 साली रेड स्टार बेलग्रेडकडून त्याने हाच चषक पुन्हा जिंकला. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून अंतिम सामन्यात खेळून तो जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला. हे माहीत असले की त्याच्या प्रत्येक संथ, निर्धास्त स्पर्शाकडे आपण अधिक लक्ष देऊन पाहतो.

उपांत्यपूर्व फेरीबद्दल थोडक्यातच सांगतो. फिनलंडच्या कूसिसी लाहती या संघाने बुखारेस्टमध्ये 0-0 अशी बरोबरी राखली आणि हेलसिंकीतील परतीच्या सामन्यात अगदी अखेरच्या टप्प्यात पित्सुर्काने केलेल्या एकमेव गोलाने स्टेआवा वाचले. हा सामना हंगामाचा अभ्यास करणाऱ्यानेच पाहावा. इतरांनी त्यातील गोल तेवढा पाहिला तरी पुरे.

आता अंतिम सामन्याविषयी. ज्याने अँडरलेख्टचा सामना आधी पाहिला आहे त्याला सेव्हिलमधील पहिली वीस मिनिटे बुचकळ्यात टाकतील, कारण तोच संघ इथे वेगळा खेळतो. रामोन सांचेझ पिझ्हुआन मैदानावर बार्सिलोनाच्या पाठीराख्यांची प्रचंड गर्दी होती, आणि रोमानियातून प्रवास करू शकलेले प्रेक्षक तुलनेने अगदीच मोजके होते. टेरी व्हेनेबल्स यांच्या प्रशिक्षणाखालील बार्सिलोनाने गतविजेत्या युव्हेंटसला हरवून आणि उपांत्य फेरीत गोटेबोर्गविरुद्धची 0-3 अशी पिछाडी भरून काढून इथवर मजल मारली होती. विजेता कोण, हे सामन्याआधीच जवळजवळ सर्वांनी ठरवून टाकले होते. अशा परिस्थितीत येनेई यांनी ठरवले ते एवढेच की, चेंडू आपल्याकडे ठेवायचा आणि घाई करायची नाही. स्टेआवाचे खेळाडू आपल्याच अर्ध्या भागात पास देत राहतात, बार्सिलोनाची चढाई सुरू होण्याआधीच तिची धार बोथट करतात, आणि गर्दीचा उत्साह हळूहळू अस्वस्थतेत बदलत जातो. तो बदल आवाजातून नीट कळतो. म्हणून ही चित्रफीत आवाज बंद करून पाहू नये.

येथे एका नियमाची आठवण ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर आजचा प्रेक्षक वैतागेल. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला 1992 सालापर्यंत बंदी नव्हती. त्यामुळे स्टेआवाचे बचावपटू वारंवार डुकादामकडे चेंडू देतात, तो उचलतो, थांबतो, पुन्हा देतो. आज हे वेळकाढूपणाचे वाटेल. त्या काळी ती नियमात बसणारी आणि सर्वच संघांनी वापरलेली युक्ती होती. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर एक खेळ म्हणून हा सामना रटाळ आहे. दोन्ही संघांना मिळालेल्या चांगल्या संधी फारच थोड्या आहेत, जादा वेळेत खेळाडूंचे पाय जड झालेले दिसतात, आणि 120 मिनिटांत गोल होत नाही. ज्यांना निव्वळ करमणूक हवी आहे त्यांनी हा सामना पूर्ण पाहिला नाही तरी मी त्यांना दोष देणार नाही.

मी मात्र तो पूर्ण पाहण्याची शिफारस करतो, आणि त्यामागची कारणे मैदानावरील माणसांमध्ये आहेत. संघाचा नेहमीचा कर्णधार तुदोरेल स्तोइका निलंबनामुळे बाहेर होता. त्याच्या जागी योवानच्या दंडावर कर्णधाराची पट्टी होती. 72व्या मिनिटाला लुचियन बालानच्या जागी अंगेल योर्दानेस्कु मैदानात उतरले. हे गृहस्थ संघाचे सहायक प्रशिक्षक होते आणि तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची 36 वर्षे पूर्ण केली होती. युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात, एवढ्या तणावाच्या घडीला, येनेई आपल्या सहायकालाच खेळायला पाठवतात, कारण त्या क्षणी धावण्यापेक्षा चेंडू शांतपणे राखणारा माणूस त्यांना हवा होता. योर्दानेस्कु मैदानात आल्यानंतर स्टेआवाचा खेळ जसा स्थिरावतो तो प्रत्यक्ष पाहावा. याउलट दुसऱ्या बाजूला 85व्या मिनिटाला बर्न्ड शुस्टर या बार्सिलोनाच्या सर्वांत कल्पक खेळाडूला बाहेर बोलावले जाते, आणि तो ज्या नाराजीने मैदान सोडतो ती लपत नाही. एका बाजूला माणसांवरचा विश्वास वाढत जातो आणि दुसऱ्या बाजूला तो तुटत जातो. शूटआउटचा निकाल या दोन बदलांमध्येच अर्धाअधिक ठरला होता, असे मला वाटते.

या पार्श्वभूमीवर शूटआउट पाहिले की ते वेगळेच भासते. पहिली पेनल्टी स्टेआवाच्या मायेआरूची. बार्सिलोनाचा गोलरक्षक उरुती ती अडवतो. बार्सिलोनाच्या आलेसांकोची पेनल्टी डुकादाम आपल्या उजवीकडे झेपावून अडवतो. ब्योलोनीचीही पेनल्टी अडवली जाते, आणि पेद्राझाचीही, पुन्हा डुकादामच्या उजवीकडेच. चार पेनल्टींनंतरही एकही गोल नाही. मग लाकातुश येतो आणि चेंडू इतक्या जोराने वरच्या दिशेने मारतो की तो आडव्या दांडीच्या खालच्या कडेला लागून जाळ्यात जातो. पिची आलोन्सोची पेनल्टी डुकादाम तिसऱ्यांदा उजवीकडेच झेपावून रोखतो. बालिंट शांतपणे गोल करतो. शेवटी मार्कोस येतो. तीन वेळा उजवीकडे गेलेला गोलरक्षक आता दिशा बदलेल की तिथेच राहील, हा प्रश्न त्याच्या मनात असणारच. डुकादाम या वेळी डावीकडे जातो आणि चषक बुखारेस्टला जातो. 2-0 हा शूटआउटचा निकाल वाचायला विचित्र वाटतो, पण त्यात दोन्ही गोलरक्षकांचे श्रेय आहे, आणि उरुतीचे नाव या संदर्भात फारसे कोणी घेत नाही हे मला अन्यायाचे वाटते.

या तुकड्याच्या अनेक आवृत्त्यांसोबत डुकादामविषयी एक ऐकीव कथाही फिरत असते की, बक्षीस मिळालेल्या मोटारीवरून सत्ताधाऱ्यांच्या माणसांनी त्याचे हात मोडले. प्रेक्षकांनी तिच्यावर विश्वास ठेवू नये. डुकादामने स्वतः ती नाकारली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या हातातील रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि वरच्या दर्जाच्या फुटबॉलमधील त्याची कारकीर्द तिथेच संपली. ज्या हाताच्या बाजूने त्याने तीन पेनल्टी अडवल्या होत्या, तोच हात. 2 डिसेंबर 2024 रोजी त्याचे निधन झाले. एवढे सत्य पुरेसे वेदनादायक आहे. त्यावर कल्पित क्रौर्याचे पुट चढवण्याची काही गरज नाही.

चित्रफितींच्या दर्जाविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. चित्र जुन्या, चौकोनी आकाराचे आहे. मोठ्या दूरचित्रवाणी संचावर ते फुटते, त्यामुळे लॅपटॉपचा पडदा अधिक सोयीचा. कोपऱ्यात सतत दिसणारा गुणफलक नाही, वेळ नाही, निरनिराळ्या कोनांतून दाखवलेली पुनर्दृश्ये थोडी आहेत. याचा एक फायदाही आहे. मुख्य कॅमेरा बराच वेळ मैदानाचा मोठा भाग दाखवत राहतो, आणि चेंडूपासून दूर असलेले खेळाडू कुठे सरकतात ते आजच्या प्रक्षेपणापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. समालोचन निवडता येत असेल तर रोमानियन भाषेतील आवृत्ती घ्यावी. सेव्हिलच्या सामन्याचे रोमानियन समालोचन तेओहारिए कोका-कोस्मा यांनी केले आहे. भाषा समजत नसली तरी शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा आवाज जसा चढत जातो, त्यातून त्या रात्री बुखारेस्टमध्ये काय वाटले असेल याचा अंदाज येतो. हुकूमशहा चाउशेस्कुच्या राजवटीने वीजबचतीच्या नावाखाली रोमानियन दूरचित्रवाणीचे कार्यक्रम 1985पासून दिवसाला सुमारे दोन तासांवर आणले होते. अंधारात आणि थंडीत दिवस काढणाऱ्या लोकांपर्यंत हा आवाज पोहोचत होता, हे ध्यानात ठेवून तो ऐकावा.

उणिवांमध्ये सर्वांत मोठी उणीव ही आहे की, ज्या देशांतर्गत स्पर्धेने स्टेआवाला विजेता म्हणून घडवले, तिचे पूर्ण सामने शोधूनही फारसे हाती लागत नाहीत. 1985-86च्या दिविझिया ‘अ’मध्ये स्टेआवा पहिले आले आणि स्पोर्तुल स्तुदेन्त्सेस्क हा बुखारेस्टचाच क्लब दुसरा आला. या दुसऱ्या संघात पुढे रोमानियाचा सर्वांत नामवंत फुटबॉलपटू ठरलेला गेओर्गे हाजी होता, आणि त्याने 31 गोल करून त्या हंगामात सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. अनेकांना असे वाटते की, सेव्हिलच्या विजयात हाजीचा वाटा होता, तसे नाही. तो स्टेआवात 1987च्या सुरुवातीला आला. रोमानियन चषकाच्या अंतिम सामन्यात स्टेआवाला दिनामो बुखारेस्टने 1-0 असे हरवले, म्हणजे युरोपचा विजेता त्याच हंगामात आपल्याच शहरात पराभूत झाला. या घरगुती चुरशीच्या चित्रफिती नसल्याने हंगामाचे चित्र अपुरे राहते.

देशांतर्गत यशाकडे थोड्या सावधपणे पाहावे, हेही सांगणे कर्तव्य आहे. स्टेआवा हा सैन्याचा क्लब होता, दिनामो गृहखात्याचा. हुकूमशहाचा मुलगा व्हालेन्टिन चाउशेस्कु स्टेआवाच्या वर्तुळात होता. 1989पर्यंतच्या सलग पाच विजेतेपदांवर आणि लीगमधील 104 अपराजित सामन्यांच्या मालिकेवर या सत्तेची सावली पडते, आणि रोमानियातही त्याविषयी दुमत आहे. परंतु अँडरलेख्टवर किंवा बार्सिलोनावर बुखारेस्टमधील कोणाचेही वजन चालणारे नव्हते. म्हणूनच युरोपियन सामन्यांच्या चित्रफितींचे मोल मला अधिक वाटते. या संघाच्या गुणवत्तेचा तो निर्विवाद पुरावा आहे.

1986 म्हटले की आपल्याकडे मेक्सिकोतील विश्वचषक आणि माराडोना आठवतो. रोमानिया त्या विश्वचषकासाठी पात्रच ठरले नव्हते, त्यामुळे वर्षातील सर्वांत मोठा क्लब-विजय मिळवणारे हे खेळाडू त्या उन्हाळ्यात जगाच्या नजरेआडच राहिले. मराठी प्रेक्षकाने त्यांच्याविषयी फारसे ऐकलेले नसण्याचे हे एक कारण असावे.

शोध घेताना एक काळजी घ्यावी. क्लबचे नाव आणि इतिहास कोणाचा, यावरून सैन्याचा क्लब आणि आज ‘एफसीएसबी’ या नावाने खेळणारा क्लब यांच्यात दीर्घकाळ न्यायालयीन वाद झाला, आणि त्यामुळे चित्रफितींची शीर्षके दोन्ही नावांनी दिलेली आढळतात. ‘स्टेआवा’ हे नाव, प्रतिस्पर्धी संघ आणि 1986 हे वर्ष असे एकत्र शोधले की योग्य सामना सापडतो. आधी अँडरलेख्ट, नंतर पूर्ण अंतिम सामना, हा क्रम ठेवावा. त्यानंतरही उत्सुकता उरली तर 24 फेब्रुवारी 1987 रोजी मोनॅकोमध्ये झालेला युरोपियन सुपर कपचा सामना पाहावा. येनेई तोवर राष्ट्रीय संघाकडे गेले होते, संघाची सूत्रे योर्दानेस्कु यांच्या हाती होती, आणि डायनॅमो कीव्हविरुद्धचा एकमेव गोल नव्यानेच आलेल्या हाजीने केला.